घरची हलाखी, प्रवेशअर्ज आणि अमानत

डॉ. रफीक झकेरिया यांनी १९६३ साली सुरू केलेल्या मौलाना आझाद महाविद्यालयाने छत्रपती संभाजीनगरच्या अनेक पिढ्या शिकवल्या. आता आपली मुले त्याहून दूरही पाहतात. हरियाणातील अशोका विद्यापीठात किंवा परदेशात अर्ज करायचा, तर गुणपत्रिकेसोबत स्वतःविषयी निबंधही द्यावा लागतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या सामायिक अर्जात त्याला ६५० शब्दांची मर्यादा असते आणि आयुष्यातील एखाद्या अडचणीविषयी लिहिणे हा एक पर्याय असतो. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला केवळ आकडा सांगतो. निबंध घरातली गोष्ट मागतो. अब्बांचे कर्ज, अम्मीचे आजारपण, आपाचा मोडलेला संसार परक्यांपुढे मांडावा काय?

वाचकहो, यावर दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारे म्हणतात, घरची अब्रू चव्हाट्यावर नको. मित्र म्हणतात, दुःख दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

हालअपेष्टा सांगणे म्हणजे अल्लाहविरुद्ध तक्रार नव्हे. सूरह अद्-दुहामध्ये अल्लाह स्वतः पैगंबरांना (स.) त्यांच्या अनाथपणाची आणि गरजेची आठवण करून देतो (९३ : ६-८). त्यात कमीपणा असता, तर ती आठवण कयामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात आली नसती. मात्र तेथील क्रम पाहा. आधी अडचण, लगेच मिळालेला आधार, मग अनाथ आणि याचक यांच्याविषयीचे कर्तव्य आणि शेवटी कृपेचे कथन. मुलाने याच क्रमाने लिहिले, तर ते याचना न राहता शुक्र ठरते.

दुसरा धडा हजरत यूसुफ (अ.) यांचा. त्यांच्यावर दोन मोठी संकटे आली, विहीर आणि कैद. कुटुंब एकत्र आल्यावर अल्लाहचे उपकार मोजताना त्यांनी कैदेतून सुटका झाल्याचे सांगितले, विहिरीचे नावही काढले नाही (१२ : १००). भाऊ समोर होते. त्यांना लाज वाटू नये म्हणून हे मौन, असे मुफस्सिरांनी म्हटले आहे. कैद त्यांची स्वतःची होती. विहिरीच्या गोष्टीत भावांचा अपराधही होता.

निबंध लिहिणाऱ्याने हीच रेषा ओळखावी. तुम्ही पहाटे उठून दूध वाटले, एका खोलीत पाच जणांत अभ्यास केला, ही तुमची गोष्ट आहे. ती निःसंकोच लिहा. अब्बांचे व्यसन आणि आपाचा तलाक यांत मात्र दुसऱ्याचा हिस्सा आहे. तो तुमच्याकडे अमानत आहे. खरे असले म्हणून काय झाले? सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, माणसाच्या पाठीमागे त्याला न आवडणारी खरी गोष्ट सांगणे हीच गीबत. खोटी सांगितली, तर तो बोहतान. म्हणून आधी विचारा. परवानगी मिळाली तर लिहा. न मिळाल्यास ‘घरखर्चाची जबाबदारी लवकर माझ्यावर आली’ एवढे पुरे. हे खोटे नाही. कारण न सांगणे आणि कारण रचणे यांत मोठे अंतर आहे. दोन दिवसांच्या उपासाचे दहा दिवस करणे मात्र सरळ फसवणूक आहे.

जुलूम सोसणाऱ्याची बाब वेगळी. त्याला बोलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे (४ : १४८). हजरत हिंद (रजि.) यांनी पतीच्या कंजूषपणाची गोष्ट पैगंबरांपुढे (स.) मांडली आणि आपला हक्क जाणून घेतला. घरात मारहाण होत असेल, तर अब्रूच्या नावाखाली कोणी मुलांचे तोंड बंद करू नये. पण ते प्रथम मदत करू शकेल अशा माणसाला सांगा. निबंध वाचणारा तुमच्या घरी धावून येणार नाही.

मौनामुळे निबंध फिका पडेल, कदाचित जागाही हुकेल. हे नुकसान लहान नाही आणि ते लहान आहे, असे मुलांना सांगू नये. परंतु प्रवेश एकदाच मिळतो. अब्बांच्या नजरेला नजर आयुष्यभर द्यायची असते.

पालकांनो, मुलगी विचारायला आली, तर ‘अब्रू’ या एका शब्दाने तिला परतवू नका. शेजारी बसा, मसुदा वाचून घ्या आणि कोणते वाक्य का खुपते ते सांगा. तुमच्या कष्टांना तिने किती मान दिला आहे, हे कदाचित तेथेच प्रथम कळेल. अल्लाह आपल्या मुलांना सत्य बोलण्याचे धैर्य आणि अमानत जपण्याची समज देवो. आमीन.