विटाळ आणि उपद्रव

दापोली तालुक्यातील मुरुडसारख्या गावात परसातली कोंबडी हा परवानगीचा विषय कधी नव्हता. परंतु पर्यटनामुळे आगरांच्या, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागांच्या, कडेने निवासगृहे उभी राहू लागली, की वस्तीत कोंबड्या पाळू द्याव्यात का, हा शहरांतला प्रश्न तेथेही दाराशी येतो. त्याच्या तळाशी दोन कल्पना एकमेकींत मिसळलेल्या असतात: विटाळ, म्हणजे सान्निध्याने अपवित्र होण्याची भावना, आणि उपद्रव, म्हणजे शेजाऱ्याला प्रत्यक्ष पोचणारा त्रास.

मनुस्मृतीच्या 5व्या अध्यायात द्विजांना, म्हणजे उपनयनाचा अधिकार असलेल्या वर्णांना, ग्रामकुक्कुट म्हणजे गावातला कोंबडा खाणे वर्ज्य आहे. हा निषेध भक्षणाचा आहे, पाळण्याचा नव्हे. तरी व्यवहारात तो पक्ष्यावरून पाळणाऱ्यावर सरकला आणि कोंबड्यांचा वावर असलेली वाडी हलकी ठरली. वास्तविक कोकणात राखणदाराला, म्हणजे गावाची सीमा राखणाऱ्या दैवताला, हाच कोंबडा चालतो; आणि स्वरांच्या मात्रा सांगणाऱ्या पाणिनीच्या सूत्रात ‘उ’ हाच स्वर का, याचे परंपरेने दिलेले उत्तरही कोंबड्याच्या चढत जाणाऱ्या आरवण्याकडे बोट दाखवते. विटाळाचे सामर्थ्य मुरुडने जवळून पाहिले आहे: 1893 मध्ये येथल्याच धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला, आणि त्यासाठी कोणाचे काही नुकसान झाल्याचे दाखवावे लागले नाही.

उपद्रव मात्र दाखवता येतो, म्हणून तो मोजताही येतो. जानेवारी 2021 मध्ये दापोलीतील मृत पक्ष्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता, तेव्हा रोगाची भीती निराधार म्हणता येत नाही. शेजारच्या आगरात पोफळीच्या बुंध्याशी घातलेला पाला कोंबड्या तासाभरात उकरून पसरतात, हीही तक्रार खरी आहे. आरवण्याचे तसे नाही; तो उपद्रव की गावाच्या जगण्याचा भाग, हे ऐकणाऱ्यावर ठरते. फ्रान्सने 2021 मध्येच ग्रामीण आवाज आणि वास यांना कायद्याने वारसा मानले, कारण तेथे बाहेरून आलेले रहिवासी कोंबड्यांविरुद्ध न्यायालयात जात होते.

पाळणे हे कर्तव्यही आहे: दिवेलागणीला कोंबड्या मोजून डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकणे आणि मुंगूस शिरू नये म्हणून वर दगड ठेवणे, हे रोज कोणीतरी करावेच लागते. नियम करायचा तर तो या डालग्यापाशी उभे राहून करावा; पक्षी किती, कुंपण कोठे, विष्ठेची विल्हेवाट कशी, आजारी पक्ष्याची खबर कोणाला द्यायची, हे सारे त्यात यावे, आणि पाळणारा कोणत्या वाडीचा, हे कोठेही येऊ नये.