मधल्या वेळेतलं शहर

‘‘मामा, जपान कसं हाय?’’ भाच्यानं विचारलं, तेव्हा आम्ही गिरडच्या टेकडीवर बसलो होतो. त्याच्या हातात एजंटानं दिलेला कागद होता. जपानमध्ये नोकरी, राहायची सोय, आणि त्याआधी भरायची रक्कम. ती भरायची तर दोन एकर गहाण पडणार होते. आमच्या घरात जपान पाहिलेला माणूस मी एकटाच, त्यामुळे सगळे माझ्या शब्दावर अडले होते.

पण मी तर शब्द आधीच देऊन बसलो होतो. ओसाकाहून आल्यावर दिवाळीत सगळे अंगणात बसलेले असताना मी भरभरून बोललो होतो. गाड्या वेळेवर, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. लोकलमध्ये विसरलेली छत्री दुसऱ्या दिवशी स्टेशनवर परत मिळाली, ही गोष्ट तर मी तीनदा सांगितली. भाचा तेव्हा सुपारी कातरत मुकाट्यानं ऐकत होता. तो माझं बोलणं मनात साठवून ठेवतोय, हे मला कळलं नाही.

मी ओसाका पाहिलं तरी किती? कंपनीनं एका यंत्राच्या चाचणीसाठी नऊ दिवस पाठवलं होतं. कारखाना शहराबाहेर. सकाळी सातला निघायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. राहिल्या त्या संध्याकाळी आणि एक रविवार. सगळे मिळून तीसेक तास भरतील. तेवढ्यात किल्ला पाहिला (तो १९३१ साली काँक्रीटमध्ये पुन्हा बांधलेला आहे, आत लिफ्ट आहे, मी मात्र फोटो ‘जुना किल्ला’ म्हणून पाठवले). सरकत्या जिन्यावर सगळे उजवीकडे उभे राहतात आणि घाईवाल्यांसाठी डावी बाजू मोकळी सोडतात, हे पाहिलं. ‘जपानी माणसाची शिस्त’ म्हणून ते ऑफिसात सांगितलं, तर तोक्योत राहून आलेला सहकारी हसला. तिथे डावीकडे उभे राहतात म्हणे. एका शहराची सवय मी अख्ख्या देशाच्या नावावर लावली होती.

मनात राहिली ती जागा मात्र यादीत नव्हती. दोतोनबोरीच्या झगमगाटाला लागूनच एक अरुंद बोळ आहे. तिथे होझेनजीच्या देवळात फुदोची मूर्ती आहे. फुदो म्हणजे आपलाच अचलनाथ, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. १९४५ च्या बॉम्बवर्षावात देऊळ जळालं, मूर्ती वाचली. लोक येतात, पळीनं तिच्यावर पाणी घालतात, हात जोडतात. त्या पाण्यानं मूर्तीवर इतकं शेवाळ चढलंय की नाक-डोळे दिसत नाहीत, नुसता हिरवा आकार उरलाय. माझ्या पुढची बाई सुटातली, खांद्यावर लॅपटॉपची बॅग. पाणी घातलं, निघाली. तीही बहुधा दोन कामांच्या मध्येच आली होती. फरक एवढाच, की ती उद्याही येऊ शकत होती.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. रविवारी त्सुतेनकाकू मनोरा पाहायला म्हणून मी शिन-इमामिया स्टेशनवर उतरलो आणि चुकीच्या बाजूनं बाहेर पडलो. समोर कामागासाकी. रोजंदारीवरच्या मजुरांची जुनी वस्ती. १९७० च्या जागतिक प्रदर्शनाच्या बांधकामासाठी देशभरातून जी माणसं आली, त्यांतली पुष्कळ इथे राहिली आणि इथेच म्हातारी झाली. भिंतीला टेकून बसलेले लोक, एकाच्या शेजारी पुठ्ठ्याचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं. मी दहा मिनिटांत मागे फिरलो.

दिवाळीत हे का नाही सांगितलं? दहा मिनिटांवरून काय बोलायचं, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण छत्रीही दोन मिनिटांतच मिळाली होती. तिच्यावरून देशाच्या प्रामाणिकपणाचा निकाल देताना मला वेळ कमी पडला नव्हता. खोटं मी एक अक्षरही बोललो नव्हतो. तरी भाच्याच्या हातातल्या कागदाला थोडी शाई माझीही लागली होती.

आम्ही बसलो होतो तिथे पायाशी सुपारीएवढे गोल दगड होते. भूशास्त्राच्या पुस्तकात ते काळ्या पाषाणातून सुटलेले झिओलाइटचे गोळे आहेत. गिरडच्या गोष्टीत तो व्यापाऱ्यांचा माल आहे. वाटेनं जाणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी शेख फरीदबाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून नवा माल करून दिला. लहानपणी मला दगड झालेला भाग आवडायचा. आता पुढचा आवडतो: माल परत मिळूनही ते गेले नाहीत, मरेपर्यंत बाबांच्या सेवेत राहिले. १९३३ साली निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या पंथाच्या जपानी मंत्रानं होते. शाळेच्या सहलीत मी तो ऐकला होता, कुठल्या भाषेतला आहे हे न कळता. तिकडच्या माणसानं आमच्याकडे असं काही ठेवलं, आणि मी तिकडून छत्री घेऊन आलो.

‘‘सांगा ना मामा.’’

मी तासांचा हिशोब सांगितला. मग कामागासाकी सांगितली, आणि तीही दहा मिनिटांचीच आहे हेही सांगितलं. ‘‘या कागदावर कुठल्या व्हिसावर नेणार ते लिहिलेलंच नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी म्हणून गेलास तर मालक पटला नाही तरी सहसा बदलता येत नाही. यावरून तिकडेच इतकी टीका झाली, की २०२४ मध्ये ती योजना बंद करून दुसरी आणायचा कायदा केला. २०१९ पासूनचा कुशल कामगारांचा व्हिसा वेगळा. त्याला कामाची आणि जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते, पण त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. पैसे भरायच्या आधी एवढं तरी विचार. आणि तिथे दोन-तीन वर्षं काढून आलेला कुणी सापडतो का बघ.’’

‘‘म्हंजे जाऊ नको म्हणता?’’

‘‘तसं नाही म्हणत. मला माहीत नाही, असं म्हणतोय.’’

त्यानं एक दगड उचलला, हातात फिरवला आणि ठेवून दिला. मग कागदाची घडी घालत म्हणाला, ‘‘मंग नऊ दिवस तुमी तिथं पाह्यलं तरी काय?’’

मी त्याला त्या हिरव्या मूर्तीबद्दल सांगू लागलो.