ताटामागचे हात



घरात बाप्तिस्मा असो, फर्स्ट होली कम्युनियन असो की लग्नाचा रौप्यमहोत्सव असो, मिस्सा आटोपल्यावर आपण पूर्वी घरीच पंगत वाढत असू. आता बहुतेक कुटुंबे हॉटेलात टेबल राखून ठेवतात. शिवाजी पार्कच्या परिसरात त्यासाठी लांब जावे लागत नाही. जवळच माहीममध्ये दीपा अवचट आणि डॉ. सुहास अवचट या दांपत्याने ‘गोवा पोर्तुगीजा’ सुरू केले आणि पुढे ‘दिवा महाराष्ट्राचा’. दीपाताई स्वतः शेफ. जी कोकम कढी, जी भाकरी, जे तिरफळ घातलेले कालवण आपल्या आजीच्या चुलीवर होते, ते त्यांनी पांढऱ्या टेबलक्लॉथवर मानाने मांडले. मोठे हॉटेल म्हणजे पंजाबी आणि चायनीज, आणि मराठी किंवा गोव्याचे जेवण म्हणजे खानावळ, अशी आपलीच समजूत होती. ती अशा लोकांनी मोडली. आपल्या मातीत पिकते ते कमी दर्जाचे नाही, हे आपल्याला दुसऱ्याने सांगावे लागले, ही थोडी लाजेची गोष्ट आहे.

तेव्हा अशा हॉटेलात जेवणे चांगले की वाईट, हा आजचा प्रश्न नाही. प्रभू येशू स्वतः मेजवान्यांना जात होता. इतका, की विरोधकांनी त्याला खादाड आणि मद्यपी ठरवले. प्रश्न वेगळा आहे. ‘स्थानिक’ हा शब्द आज मेनूकार्डावर अभिमानाने छापला जातो. स्थानिक मासळी, स्थानिक तांदूळ, नाशिकची वाइन. स्थानिक अन्न खाणे हा सद्गुण आहे का? की ती फक्त आपल्या जिभेची नवी हौस आहे?

सहाव्या शतकातील पोप, थोर संत ग्रेगरी यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचा पुढे विचार केला. अवेळी खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे हे तीन प्रकार आपल्याला लगेच पटतात. पण उरलेले दोन आहेत उंची पदार्थांचाच हव्यास आणि तयारीविषयी फाजील चोखंदळपणा. म्हणजे पोट भरून उठणाराच खादाड असतो असे नाही. “हा बोंबील अस्सल पद्धतीचा नाही” म्हणून ताट बाजूला सारणाराही त्याच रांगेत बसू शकतो. स्थानिकतेचा आग्रह चोखंदळपणापाशीच थांबला, तर त्याला सद्गुण म्हणता येणार नाही.

मग तो सद्गुण केव्हा होतो? अशाच एका भोजनप्रसंगी आम्ही पाहिले. तळलेल्या सुरमईच्या तुकडीचा दर कार्डावर वाचून कोणी चकार शब्द काढला नाही. बिल आले, ते भरले, वर टीपही ठेवली. त्याच आठवड्यात सिटीलाइटच्या गोपी टँक मंडईत आपल्यातलेच लोक कोळणीशी वीस रुपयांसाठी घासाघीस करत होते. “मावशी, काल तर कमी लावलेत,” असे म्हणत दोन पावले पुढे जायचे आणि तिने हाक मारली की परत यायचे. हे आपण सगळेच करतो. आम्हीही केले आहे.

मासा तोच. एका ठिकाणी आपण किंमत मुकाट्याने देतो, दुसऱ्या ठिकाणी ती मोडून काढतो. का? हॉटेलात भाव मागितला तर आपली शोभा जाते आणि मंडईत भाव पाडला तर आपली हुशारी दिसते. शिवाय मावशीला थांबायला वेळ नसतो. बर्फ वितळत असतो, दुपारनंतर माल उतरतो. वर्षातले पावसाळ्याचे सुमारे दोन महिने यांत्रिक होड्यांना बंदी असते, तेव्हाचा संसारही याच पैशांतून चालवायचा असतो. ती ‘हो’ म्हणते, पण ते गरजेपोटी. संत थॉमस यांनी स्पष्ट सांगितले आहे की वस्तूच्या मोलापेक्षा जास्त दराने विकणे जसे अन्यायाचे, तसेच कमी दराने विकत घेणेही अन्यायाचे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’मध्ये हाच विचार मजुरीला लावला. गरजेने गांजलेल्या माणसाने कबूल केले एवढ्यावरून व्यवहार न्याय्य ठरत नाही.

वाइनचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिकच्या वाइनला बळ मिळाले. पण २००८ नंतरच्या मंदीत काही कारखान्यांनी माल उचलला नाही. वाइनची द्राक्षे खाण्यासाठी विकली जात नाहीत, त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी जोपासलेल्या वेली उपटून टाकल्या. त्या बाटलीवरही ‘नाशिक’ असेच छापलेले होते. पुढे जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हाही शेतकऱ्याचे हित पुढे केले गेले आणि राज्यभर वाद झाला. काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला, म्हणून आपण द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. पण दारूने मोडलेली घरे आपल्या धर्मग्रामातही आहेत. ‘शेतकऱ्याला मदत’ हे तिसऱ्या ग्लासाचे निमित्त होऊ शकत नाही.

याचे उत्तर आपल्याला दर रविवारी वेदीवर दिसते. प्रभूने आपल्या शेवटच्या भोजनात गव्हाचे दाणे आणि द्राक्षांचा घड हातात घेतला नाही. त्याने भाकर आणि द्राक्षारस घेतला. दाणे भूमी देते, भाकर माणूस करतो. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू जी प्रार्थना म्हणतात, तिच्यात म्हणूनच भूमीबरोबर मानवी श्रमांचाही उल्लेख येतो. ज्याने पेरले, दळले, भाजले, तुडवले, तो माणूस वेदीवर आलेला असतो. त्याला वगळून केलेले अर्पण अपुरे आहे.

आपल्या ताटालाही हीच कसोटी लावू या. अन्न किती मैलांवरून आले, हे मोजणे सोपे आहे. ज्या हातांतून ते आले, त्यांना त्यांचे मोल मिळाले का, हे विचारणे अवघड आहे. माती आपली आणि तिच्यावर राबणारा मात्र परका, अशी स्थानिकता ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. जो शेफ आपल्या कोळणीला आणि शेतकऱ्याला रास्त दर देतो, भांडी घासणाऱ्या मुलाला वेळेवर पगार देतो, त्याचे हॉटेल महाग असले तरी त्याचा धंदा पुण्याचा आहे. आणि ज्या घरात साधी आमटी-भाकरी असते, पण कामवाल्या बाईला उरलेसुरले नव्हे तर ताजे वाढले जाते, ते घरही तितकेच पुण्याचे आहे.

या आठवड्यात एक लहान गोष्ट करून पाहू या. मंडईत जाताना सुट्टे पैसे घेऊन जाऊ, भाव विचारू, पटला तर तेवढेच देऊ. मावशीला तिचे नाव विचारू. वर्षानुवर्षे तिच्याकडून मासळी घेत असूनही ते आपल्याला माहीत नसेल, तर जेवणाआधीच्या प्रार्थनेत आपण नक्की कोणासाठी आभार मानतो, याचाही विचार करू.

प्रभू आपल्या सर्वांच्या ताटाला आणि त्यामागच्या हातांना आशीर्वाद देवो.