'नसेल' आणि 'नसता' : संकेतार्थाची नैतिक बाजू

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत संकेतार्थी वाक्यांचे सहसा तीन प्रकार क्रमांकाने शिकवले जातात. त्यांतील तिसरा, ज्यात 'इफ'च्या उपवाक्यात 'हॅड' आणि मुख्य वाक्यात 'वुड हॅव' येते तो, भूतकाळात न घडलेल्या गोष्टीचा. त्याला पुष्कळदा 'अशक्य' असे विशेषण लावले जाते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी येथे एक ठरावीक चूक करतो : तो 'इफ'च्या उपवाक्यातही 'वुड हॅव' घालतो. या चुकीला कारण आहे. 'तो आला असता तर मी गेलो असतो' या मराठी वाक्यात दोन्ही अंगांना एकच रूप लागते. संस्कृतातील लृङ्‌चीही रीत तीच. पाणिनीय परंपरा लृङ्‌च्या विषयाला 'क्रियातिपत्ती' म्हणते. क्रिया सिद्धीस गेली नाही, एवढेच ही संज्ञा सांगते. ती सिद्धीस जाणे अशक्य होते, असे सांगत नाही. 'घडले नाही' आणि 'घडणे शक्यच नव्हते' यांतील हे अंतर केवळ व्याकरणाचे नव्हे. पश्चात्ताप, दोषारोप आणि क्षमा यांना जागा मिळते ती याच अंतरात.

अर्नेस्ट अॅडम्स यांनी १९७० मध्ये इंग्रजी वाक्यांची एक जोडी चर्चेला घेतली. तिचा विषय १९६३ मधील केनेडी यांचा खून. मराठीत ती अशी होईल : 'ऑस्वाल्डने केनेडींचा खून केला नसेल, तर तो दुसऱ्या कोणीतरी केला आहे', आणि 'ऑस्वाल्डने केनेडींचा खून केला नसता, तर तो दुसऱ्या कोणीतरी केला असता'. पहिले वाक्य कोणीही मान्य करील, कारण खून झाला हे निश्चित आहे. दुसरे मान्य करायचे तर पर्यायी मारेकरी सज्ज होता, असे काहीतरी सिद्ध करावे लागेल. इंग्रजीत हा भेद क्रियापदांच्या रचनेतून दिसतो, मराठीत 'नसेल' आणि 'नसता' यांतून. पहिले वाक्य आपल्या माहितीविषयी बोलते, दुसरे जगाविषयी.

आता 'मी सही केली नसती, तर दुसऱ्या कोणीतरी केली असती' हे परिचित समर्थन पाहावे. अन्यायात सहभागी झालेला माणूस बहुधा याच वाक्याचा आश्रय घेतो. ते इतके पटण्याजोगे का वाटते? माझ्या मते, येथे 'नसेल'ची निश्चिती नकळत 'नसता'च्या वाक्यात शिरलेली असते. सही झालेली आहे. तेव्हा ती माझी नसेल तर दुसऱ्याची असणारच. हे निर्विवाद विधान हळूच वेष पालटते आणि घडून गेलेले कृत्य अटळ भासू लागते. समर्थकाने पर्यायी हात दाखवलेला नसतो. आणि तो दाखवला, तरी त्यातून एवढेच ठरेल की परिणाम टळला नसता. कृत्य कोणाचे, हा प्रश्न तेथेच राहतो.

दुसरी अडचण नेल्सन गुडमन यांनी १९४७ मध्ये मांडली. 'ही काडी ओढली असती तर पेटली असती' असे म्हणताना काडी कोरडी होती, हवेत प्राणवायू होता, हे आपण स्थिर धरतो. पण ती पेटली नाही हे स्थिर धरले, तर 'ओढली असती तर ती कोरडी नसती' असेही निष्पन्न होईल. म्हणजे काय बदलायचे आणि काय कायम ठेवायचे, हे वाक्याचे रूप ठरवीत नाही, बोलणारा ठरवतो. नैतिक निर्णय घडतो तो या निवडीत.

साहित्याच्या वाचकाला ही निवड सतत करावी लागते. थॉमस हार्डीच्या १८९१ मधील 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या कादंबरीत टेस आपला पूर्ववृत्तान्त लिहून एंजेलच्या दाराखालून पत्र सरकवते आणि ते गालिच्याखाली जाते. 'पत्र गालिच्याखाली गेले नसते तर?' हा वर्गात हमखास येणारा प्रश्न. तो गैर नाही. हार्डीची योगायोगांवरील भिस्तच तो सुचवते. पण या प्रश्नात एंजेलचा स्वभाव स्थिर धरला जातो आणि गालिचा तेवढा बदलला जातो. वास्तविक लग्नाच्या रात्री एंजेल स्वतःचे स्खलन कबूल करतो, टेस त्याला तत्काळ क्षमा करते, आणि तिची कहाणी ऐकल्यावर मात्र तो तीच क्षमा तिला नाकारतो. तेव्हा 'त्याने घेतलेली क्षमा परत दिली असती तर?' हाही प्रश्न संहितेतूनच उठतो. पहिल्या प्रश्नात शोकांतिका अपघात ठरते, दुसऱ्यात अन्याय. पत्र वेळेवर पोचल्याने सत्य कळण्याची वेळ बदलली असती. न्यायाचे दुहेरी माप त्यामुळे बदलले असते, असे मानायला कादंबरीत आधार नाही.

योगायोगाला वजन नसते, असे येथे म्हणायचे नाही. मात्र 'जर'च्या जागी नेहमी गालिचाच येत असेल आणि माणूस कधीच येत नसेल, तर ती निवड निरागस म्हणता येत नाही. विद्यार्थ्याच्या वहीतला चुकीचा 'वुड हॅव' आपण लाल शाईने दुरुस्त करतो. 'जर'मध्ये त्याने कोणाला बसवले आणि कोणाला वगळले, हेही त्याला विचारले पाहिजे. आणि त्याआधी स्वतःला.