आगबोटीची हळहळ

रायपूरच्या सदर बाजारात सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडीत निघतो, तेव्हा तो जन्मभर अंगावर वागविणारी वृद्धा बहुधा स्वस्थ असते. डोळे पाणावतात ते परगावाहून आलेल्या लेकीचे. कोकणच्या आगबोटींविषयी आम्हां दूरदेशी नोकरी करणाऱ्यांची हळहळ मला याच जातीची वाटते. मी तर त्या बोटीत कधी पाऊलही टाकलेले नाही. माझी हळहळ आजोबांकडून आलेली, वारशाचीच!

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट आठवावी. पण कित्येक बंदरांत ती किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि लेकुरवाळ्या बायकांना हेलकावणाऱ्या पडावातून तिच्यावर चढावे लागे, हेही आठवावे. पावसाळ्यात कोकणची फेरी बंदच. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटी गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. आम्ही वर्षाकाठी एकदा जाणार, आणि गावाने मात्र आमच्यासाठी जुन्या हालांत राहावे काय?

तरीही ही हळहळ अगदीच खोटी म्हणवत नाही. डेकवर पथारी पसरली की परतणारा माणूस घर गाठण्यापूर्वीच आपल्या मुलखात, आपल्या बोलीत शिरे. आगगाडीत ते तितकेसे होत नाही. गावी राहणारा माझा चुलतभाऊ मात्र गाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो. बोटीचे नाव त्याच्या तोंडून मी अद्याप ऐकलेले नाही.