ओवीतला नाताळ, दारातली लोहरी

निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. ऊब आणि धूर राहिला तर घडांना गारठा कमी बाधतो, हा त्यामागचा हिशेब. त्याच सुमारास नाशिकच्या शाळांत नाताळच्या झाडावर कापसाचा बर्फ चढतो आणि फळ्यावर चार वाक्यं येतात: ख्रिस्ती बांधव २५ डिसेंबरला नाताळ साजरा करतात, चर्चमध्ये जातात, केक वाटतात. मुलं ती वहीत उतरवून घेतात. नाताळ आटोपला!

माहिती चुकीची नसते; फक्त तिच्यात मुलाला करण्यासारखं काही नसतं. कवितेत असतं. ती म्हणावी लागते, पाठ होते, तिला ठेका असतो. दुसऱ्याचा सण मुलाच्या तोंडी बसवायचा तर कवितेइतकी सोपी वाट दुसरी नाही.

मराठीने ही वाट चारशे वर्षांपूर्वीच धरली. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी त्यांनी कोकणीत लिहिली, पण गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा मराठी ओवी घेतली. गोव्याच्या साष्टी भागातल्या नवख्रिस्तींची जुनी पुराणं सुटली होती. त्यांना पुराणाच्याच चालीवर ऐकता येईल असं काही हवं होतं. १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. बेथलेहेमचा जन्मसोहळा त्यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात येतो.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तेच सूत्र उचललं. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जाणारे टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग आणि कीर्तन त्यांनी सोडलं नाही. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुढे नेलं नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय रचले.

दुसरं उदाहरण देवळाली कॅम्पचं. तोफखान्याच्या प्रशिक्षणकेंद्रामुळे तिथे देशभरातली लष्करी कुटुंबं येऊन-जाऊन असतात. १३ जानेवारीला मराठी घरात भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. पंजाबी घरांत त्याच संध्याकाळी लोहरी पेटते. लोहरीचं प्रसिद्ध गाणं अकबराच्या काळातल्या दुल्ला भट्टी या बंडखोराचं आहे. पळवल्या जाणाऱ्या मुलींना सोडवून त्याने त्यांची लग्नं लावून दिली, अशी लोककथा आहे. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी शेवटी जोरात ‘हो’ म्हणायचं, आणि दारोदार जाऊन रेवड्या-शेंगदाणे मागायचे. हे गाणं वर्गात निबंधासारखं वाचून दाखवलं तर मेलंच! ते म्हणायला निम्मा वर्ग यजमान आणि निम्मा पाहुणा व्हायला हवा.

इथे एक मोह आवरावा लागतो. ‘सगळे सण शेवटी सारखेच’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण संक्रांत सूर्याच्या राशीबदलाची, पोंगल नव्या तांदळाचा, नाताळ एका जन्माचा. कविता हे वेगळेपण जपते, कारण प्रत्येकीत आपापला माल असतो. येवल्याच्या मुलाने संक्रांतीवर लिहिलं तर त्यात पतंगाच्या दोऱ्याची आसारी येईल, गच्चीवर वाजणारी हलकडी येईल. पोंगलवर लिहिणारं तमिळ मूल मडक्यातून उतू जाणारं दूध आणेल. दोघांनी एकमेकांच्या कविता म्हणाव्यात.

नाशिकच्या शाळांना याची सुरुवात करायला नवं पुस्तक शोधायची गरज नाही. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, मराठीच्या थोरवीवरच्या भाषणांत ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या हमखास येतात. टाळ्या पडतात, आणि ग्रंथ पुढे उघडला जात नाही. त्याच ग्रंथातल्या येशूजन्माच्या पाच-सहा ओव्या निवडून, जुने शब्द समजावून, शिक्षकाने डिसेंबरात चालीवर म्हणवून घेतल्या तर कापसाचा बर्फ गुंडाळून ठेवायला हरकत नाही.