हत्यार

सुताराची पटाशी हे मराठीत हत्यार आणि शिपायाची बंदूक हेही हत्यारच. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन वेगळे शब्द आहेत. आपण मात्र दोघींना एकाच पाटावर बसवले. खंडेनवमीला तलवारीला जसे गंधफूल वाहायचे तसेच करवतीला, कोयत्याला, आणि आता तर मोटारीलाही. हा भाषेचा गबाळेपणा की शहाणपणा, हा विचार माझ्या मनात पुष्कळ दिवस होता. त्याला धार आली ती एका पत्राने.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेत, ओहायो राज्यात असतो. तो अधूनमधून लांबलचक लिहितो. (मजकूर येतो तारेवाचून, क्षणात, पण वर 'गुरुवर्य सरांस शि. सा. नमस्कार' असा मायना असतो, म्हणून मी त्याला पत्रच म्हणतो.) गेल्या वर्षी त्याने कळवले, की आपण एक ठासणीची बंदूक घरी तयार करणार आहो. तिचे सगळे भाग एका खोक्यात मिळतात, त्याला किट म्हणतात. प्रश्न एवढाच, की प्रारंभाला हत्यारे कोणती घ्यावीत? सोबत यादी होती. ती पाहून गावात सुतारशाळा निघते आहे की काय असे मला वाटले.

अमेरिकेत हा छंद जुना आणि मान्य आहे. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या आसपास अठराव्या शतकात जर्मन मुलखातून आलेल्या लोहारांनी एक लांब, सडपातळ रायफल घडवली. नळीत मळसूत्री खाचा, चकमकीची कळ, आणि दस्ता मेपलच्या लाकडाचा, ज्यात वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे आडवे तरंग असतात. ही बंदूक तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची. तिच्या चाहत्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ सालापासून आहे, आणि इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात त्यांच्या नेमबाजीच्या जत्रा भरतात. बंदूकवाल्यांच्या गावाचे नाव मैत्री! अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने अशा ठासणीच्या बंदुकांना पुराणवस्तूंच्या पंगतीला बसवून बऱ्याच बंधनांतून मोकळे केले. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून अशी बंदूक बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी हे वाचून हात शिवशिवू देऊ नयेत.

त्याच्या यादीकडे वळतो. दरवर्षी जूनमध्ये वर्गात नवी कंपासपेटी घेऊन येणारी मुले मी पाहतो. काही मुले पेटी उघडतात, कर्कटक पुसतात, परत ठेवतात, झाकण टक्कन लावतात. वर्तुळ काढायची वेळ आली की त्यांच्या पेन्सिलीला टोक नसते. सामग्री जमवण्यात एक गोड गुंगी आहे. जमवताना आपण काम करतो आहो असेच वाटत असते, आणि चुकण्याची भीती मात्र अजून दारात उभी राहिलेली नसते. माझ्या मते नवशिक्याची लांबलचक यादी हौसेतून निघत नाही, बहुधा त्या भीतीतून निघते.

पण म्हणून उलट टोकाला जाऊन 'हात असले की पुरे' असे म्हणणे हेही खोटे. किटमध्ये दस्ता यंत्रावर बराचसा कोरून आलेला असतो, तरी शेवटचा केसभर लाकूड काढण्याचे काम माणसासाठी ठेवलेले असते. ते कसे करतात हे वाचून मला मोठी मौज वाटली. कळेच्या पोलादी पट्टीवर दिव्याची काजळी धरायची. पट्टी लाकडातल्या खोबणीत बसवून हलकेच दाबायची आणि उचलायची. जिथे काळा ठिपका उमटला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढाच ठिपका पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा ठिपका. असे शेपन्नास वेळा. इथे पटाशी बोथट असेल तर ती कापत नाही, चिरते. आणि चिरलेले मेपल कोणी सांधून देत नाही. एक पाव इंची आणि एक अर्धा इंची पटाशी, त्यांना धार लावायचा चांगला दगड, दोनतीन प्रकारच्या कानशी, खाचेत नेमका बसणारा पेचकस, छोटे ड्रिल, आणि नळी धरायला व्हाइस, त्याच्या जबड्यांना चामडे लावलेले. जाणते लोक प्रारंभाला साधारण एवढेच सांगतात. बाकीचे काम अडेल तेव्हा घ्यावे. नळीचे मागचे टोक बंद करणारे लोखंडी बूच कारखान्याने बसवून दिलेले असते. त्याला नवशिक्याने हात लावू नये, कारण स्फोटाचा सगळा जोर तिथे येतो. कोणते हत्यार घ्यायचे यापेक्षा कोणत्या जागी हत्यार लावायचेच नाही, हे कळणे मला अधिक मोलाचे वाटते.

आता किटमधून जुळवलेली वस्तू आपली म्हणावी का? दिवाळीत हा वाद आपल्या अंगणातही आहे. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळू लागले आहेत, आणि माझ्या पिढीची माणसे नाके मुरडतात. पण आम्ही तरी मावळे कुठे घडवत होतो? ते विकतचेच. महाराज सिंहासनासकट विकतचे. माती, दगड आणि वर टाकलेले अळीव तेवढे आमचे. लँकेस्टरच्या त्या थोर कारागिरांपैकीही कित्येकजण कळ इंग्लंडहून किंवा जर्मनीहून आलेली वापरीत. १९६९ साली विल्यम्सबर्गच्या वॉलेस गसलर या कारागिरावर एक माहितीपट निघाला, त्यात तो लोखंडाच्या पट्टीपासून नळी घडवण्यापासून सारी रायफल जुन्या रीतीने तयार करतो. तो पराक्रम खराच. पण खाणीतले लोखंड त्यानेही काढले नव्हते. 'माझे' ही रेघ कुठे ओढायची हे वस्तूत ठरलेले नसते. मी ती रेघ तिथे ओढीन, जिथे बिघडवण्याचा अधिकार आपल्या हाती येतो. प्लास्टरचा किल्ला मुलाला बिघडवताच येत नाही, म्हणून तो त्याचा नाही. काजळीचा ठिपका खरवडताना दस्ता बिघडू शकतो, म्हणून तो माझ्या विद्यार्थ्याचा आहे.

इथवर पटाशीचे झाले. बंदुकीचे काय? ती सुंदर आहे हे मी चित्रांवरून सांगू शकतो. पण त्याच लँकेस्टर परगण्यात १४ डिसेंबर १७६३ रोजी पॅक्स्टन भागातल्या हत्यारबंद वसाहतवाल्यांनी कॉनेस्टोगा या आदिवासींच्या वस्तीवर जाऊन सहाजणांना मारले. वाचलेल्या चौदाजणांना, बायकामुलांसह, गावाने संरक्षणासाठी लँकेस्टरच्या बंदिशाळेत ठेवले. २७ डिसेंबरला टोळी तिथे आली आणि त्या चौदांनाही मारून गेली. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांशी सलोख्याने राहत आलेले होते. बेंजामिन फ्रँकलिनने १७६४ साली या हत्याकांडाचा धिक्कार करणारी पुस्तिका लिहिली. शिक्षा कोणालाच झाली नाही. आणि त्याच मुलखातले कारागीर आदिवासींनाही रायफली बनवून विकत होते!

कारागीर म्हणेल, मी लाकूड नीट बसवले, पुढचे मला माहीत नाही. हे उत्तर मला अर्धे पटते. पटाशीच्या धारेची काळजी हा सद्गुणच आहे. पण तो सद्गुण आपण काय घडवतो आहो त्याची चौकशी करीत नाही, तो आंधळेपणाने सगळ्यांची चाकरी करतो. म्हणून दोघींना हत्यार म्हणणारी आपली भाषा मला शहाणी वाटू लागली आहे. ती सुताराला विसरू देत नाही, की त्याच्या हातातल्या वस्तूचे नाव आणखी कोणाच्या तरी हातातल्या वस्तूलाही आहे.

मी त्याला लिहिले : यादीतले तीन हिस्से खोडून टाक. दगड चांगला घे. आणि बंदुकीत पहिली दारू भरण्यापूर्वी एकदा लँकेस्टरला जाऊन ये. त्या बंदिशाळेच्या जागी १८५२ साली सभागृह उभे राहिले, ते फुल्टन नाट्यगृह म्हणून अजून चालू आहे.

त्याचे उत्तर आले. यादी खोडताना जीव वर आला म्हणाला. मोटारीने एका दिवसाचा रस्ता आहे, दिवाळी झाली की बायकोमुलांना घेऊन जाऊन येईन. तोवर दस्त्याला जवसाच्या तेलाचे हात देणे चालू आहे. एक हात वाळायला त्यांच्याकडच्या थंडीत चांगलाच वेळ लागतो.